सुरेश ऑनलाइन आहे

राजाभाऊंच्या नाकावर टॅबलेट पडला, आणि तोही दहा इंची. दुपारी जेवण झालं की उताणं पडायचं, टॅबलेट दोन्ही हातांनी तोंडासमोर धरायचा आणि सांगलीच्या बातम्या वाचता वाचता झोपी जायचं, ही त्यांची पद्धत. एरवी तो बिचारा छातीवर पडायचा. त्या दिवशी हात जरा वर राहिले. ‘आई गं!’ ऐकून सून संपदा स्वयंपाकघरातून धावत आली, तर सासरे एका हाताने नाक आणि दुसऱ्या हाताने टॅबलेट चाचपत होते.

“नाक बघू बाबा. रक्त आलंय का?”

“नाकाचं मरू दे. हा सुरू होतोय का बघ आधी.”

तो सुरू झाला. नाक मात्र चहाच्या वेळेपर्यंत वांग्याच्या रंगाचं झालं, आणि त्या नाकाभोवती घरात सभा भरली. मोहालीतल्या एरोसिटीमधलं हे घर राजाभाऊंच्या मुलाचं, अनिकेतचं. तो आयटी कंपनीत. धुक्याचे दिवस म्हणून घरूनच काम करत होता. त्याने लगेच लॅपटॉपवर नवे टॅबलेट काढले.

“आठ इंची बघा बाबा. वजन निम्मं. एका हातात मावतो.”

“आणि अक्षरं? भिंग लावून वाचू का मी?”

“अक्षरं मोठी करता येतात,” संपदा म्हणाली. “नाक नवं मिळत नाही.”

“छोटावाला ले लो ना आजोबा, क्यूट होता है,” नात जाई म्हणाली. जाईला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून हिंदीच येते; तिचा जन्म इथलाच.

“जुन्यात आहे काय आता?” अनिकेतने मुद्देसूद सुरुवात केली. “चार्जर रबर बँड लावल्याशिवाय बसत नाही. कोपरा तडकलाय, त्याला चिकटपट्टी. अग्रलेख संपायच्या आत बॅटरी संपते.”

“अग्रलेख मी वाचतच नाही.”

“बाबा!”

“नको म्हटलं ना? नको म्हणजे नको,” असं म्हणून राजाभाऊ टॅबलेट काखेत मारून आपल्या खोलीत निघून गेले. म्हातारा हट्टी आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

आता त्या ‘नको’मागे काय होतं ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तुम्हाला म्हणून सांगतो, पण हसायचं नाही.

सांगलीच्या पाटबंधारे खात्यात राजाभाऊंनी आणि सुरेशने शेजारशेजारच्या टेबलांवर अख्खी नोकरी काढली. मधल्या सुट्टीत डबा अर्धा खाऊन बुद्धिबळाचा पट मांडायचा, आणि सुरेशने हरायचं, असा तिथला रिवाज होता. बायको गेल्यावर राजाभाऊ मुलाकडे इकडे पंजाबात आले आणि दोघे टॅबलेटवर खेळू लागले. आणि काय चमत्कार! सुरेश जिंकायला लागला. राजाभाऊंनी सकाळी चाल करायची, सुरेशचं उत्तर दुपारी चहाच्या वेळेला यायचं, आणि असं यायचं की यांचा चहा गार व्हायचा. “म्हातारपणी अक्कलदाढ आली काय रे सुऱ्या?” असं हे फोनवर विचारायचे. सुरेश नुसता खी खी हसायचा.

मागच्या पौषात तो गेला. डाव अर्धा टाकून गेला, आणि डाव तरी कुठला? ज्यात राजाभाऊ कधी नव्हे ते जिंकत होते तो! सुरेशचा एक हत्ती गेलेला, राजा कोपऱ्यात कोंडलेला, आणि चाल सुरेशची.

दहाव्याला राजाभाऊ जाऊ शकले नाहीत. धुक्याने विमानंही अडवली होती आणि गाड्याही. मग सुरेशच्या मुलाने, शिशिरने, कृष्णेच्या घाटावरून व्हिडिओ लावला आणि राजाभाऊ याच टॅबलेटवर तो विधी बघत बसले. पिंड ठेवला. पिंपळावर कावळे ओळीने बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. शिशिर म्हणाला, “आईला अंतर देणार नाही.” कावळे ढिम्म. चुलतभाऊ म्हणाला, “बांधाचा वाद मिटवून टाकतो.” एका कावळ्याने चोच पुसली, बाकी काही नाही. गुरुजी दर्भाचा कावळा करायला घेणार, इतक्यात राजाभाऊंना राहवेना. ते टॅबलेटवर ओरडले, “सुऱ्या, आपला डाव मी पुरा करीन रे!” आणि फडफड करत एक कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला.

राजाभाऊंच्या अंगावर काटा आला होता तेव्हा. पण नंतर लक्षात आलं, की शब्द दिला आपण आणि चाल राहिली मेलेल्याची. करायचं काय? ते रोज डाव उघडायचे. पट तस्साच, खाली ‘सुरेशची चाल’. या खेळाला वेळेची मर्यादा नव्हती. सुरेशला विचार करायला वेळ लागतो म्हणून दोघांनी तशीच लावली होती. तर डाव होता या टॅबलेटमध्ये. टॅबलेट गेला की डाव गेला, डाव गेला की शब्द गेला. आणि कावळ्यासमोर दिलेला शब्द मोडणं म्हणजे काय खायचं काम आहे?

नाकाची सूज उतरायला लागली त्या दिवशी धुकं असं पडलं, की समोरची इमारत होती की नाही याची शंका यावी. भर दुपारी दिवे लावलेले. विमानतळ जवळ; विमान दिसत नव्हतं, पण त्याचा आवाज डोक्यावर बराच वेळ घोटाळत होता, वाट चुकल्यासारखा. राजाभाऊ हीटरला पाय लावून बसले होते. संपदाने चहा आणून ठेवला आणि ती गेली. तेवढ्यात टॅबलेट किणकिणला.

‘सुरेश ऑनलाइन आहे.’

राजाभाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. नावाशेजारचा ठिपका हिरवा होता. वर्षभर राखाडी असलेला ठिपका, हिरवागार. त्यांच्या डोळ्यांदेखत सुरेशचा घोडा उचलला गेला, हवेत जरा थबकला, सुरेश थबकायचा तसाच, आणि राजाभाऊंच्या उंटासमोर येऊन बसला. मग पटाच्या खाली अक्षरं उमटली.

‘मी वाट पाहतोय!’

या खेळात मनातलं लिहायची सोय नव्हती. दहाबारा तयार वाक्यं होती, त्यातलं एक दाबायचं. सुरेश जिवंत असताना त्यातलं कुठलंही कधी दाबत नसे.

“सुऱ्या?” राजाभाऊ अगदी हळू म्हणाले.

टॅबलेटने मान टाकली. बॅटरी संपली होती.

घाबरले? घाबरले तर! पण घाबरत घाबरत त्यांनी चार्जर रबर बँडने बांधला, टॅबलेट सुरू केला आणि चाल केली. शब्द दिला होता ना? दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला पुन्हा किणकिण, पुन्हा हिरवा ठिपका. हत्ती सरकला. ‘लवकर करा!’ त्यानंतरच्या दिवशी प्यादं पुढे आलं. ‘आता सुटका नाही!’ आणि ते वाक्य वाचताना राजाभाऊंच्या मागून कुणीतरी श्वास घेतला. ते इतके दचकले की चहा मांडीवर सांडला. मागे जाई उभी होती.

“आजोबा, ये सुरेश अंकल तो पिछले साल मर गए थे ना?”

“हळू बोल!”

जाई हळू बोलली नाही. ती थेट स्वयंपाकघरात गेली. “मम्मा! आजोबा डेड अंकल के साथ चेस खेल रहे हैं! और वो बोल रहे हैं, सुटका नाही!”

संपदाच्या हातातला झारा कढईत पडला. मग कोर्टात बसवावं तसं राजाभाऊंना सोफ्यावर बसवण्यात आलं आणि पिंड, कावळा, शब्द, सगळं बाहेर आलं. अनिकेतने शांतपणे ऐकून घेतलं.

“सर्व्हरची गडबड असणार. जुन्या चाली कुठेतरी अडकून राहतात आणि मग एकदम येतात.”

“वर्षभर अडकतात?” संपदाने विचारलं.

“सर्व्हर आहे यार, काहीही होऊ शकतं.”

“माणूस गेल्यावर त्याने केलेली चाल कशी अडकेल? माझ्या कालच्या चालीला आज उत्तर देतोय तो,” राजाभाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चहाला चौघेही टॅबलेटभोवती बसले. बाहेर धुक्यात शेजारच्या घराचा कुत्रा कशावर तरी एकसुरी भुंकत होता. किणकिण झाली. ‘सुरेश ऑनलाइन आहे.’ अनिकेतने खुर्ची मागे घेतली.

“माझी... माझी एक मीटिंग आहे,” तो म्हणाला.

“आज रविवार आहे,” संपदा म्हणाली. ती स्वतः सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती.

“आजोबा, उनके घर पे फोन कर लो ना, पूछ लो,” जाई म्हणाली. एवढ्या मंडळींत डोकं चालत होतं ते तिचंच.

“काय विचारू? बाई नवऱ्याच्या दुःखात आहे. तिला फोन करून सांगू, वहिनी, तुमचे हे ऑनलाइन आहेत म्हणून?” राजाभाऊ म्हणाले. खरं तर दहाव्यापासून त्यांनी सुनंदावहिनींना फोनच केला नव्हता. शब्द पुरा न करता कुठल्या तोंडाने करणार?

आता प्रश्न इंचांचा राहिलाच नव्हता. नाक, वजन, अक्षरं, सगळं मागे पडलं. हे यंत्र घरात राहता कामा नये, एवढंच संपदाचं म्हणणं होतं. “पण माझा डाव!” असं राजाभाऊ कळवळून म्हणाले तेव्हा अनिकेत बघतच राहिला.

“बाबा, डाव टॅबलेटमध्ये नसतो. तुमच्या खात्यात असतो. कुठल्याही टॅबलेटवर उघडेल.”

“हे आधी सांगायला काय झालं होतं?”

“तुम्हाला विचारायला काय झालं होतं?”

घ्या! नाक फुटलं ते फुकटच. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे गाडीत बसून चंदीगडला, सेक्टर बावीसच्या मोबाइल मार्केटला निघाले. धुक्यातून चौक एकामागून एक यायचे आणि पुसले जायचे. दुकानात मात्र लख्ख उजेड होता आणि सरदारजी गोड बोलणारे होते. त्यांनी आठ इंची टॅबलेट राजाभाऊंच्या हातात दिला.

“देखो अंकल जी, फूल जैसा हल्का. सोते सोते पढ़ो. मुँह पे गिरे तो भी कुछ नहीं होगा, पक्का.”

“हे याला कुणी सांगितलं?” राजाभाऊंनी नाक झाकत विचारलं.

“पुराना दे दो एक्सचेंज में,” म्हणत सरदारजींनी जुना टॅबलेट उलटसुलट करून पाहिला, चिकटपट्टीला दोन नावं ठेवली, पण घ्यायला तयार झाले. कॅल्क्युलेटर ओढला. आणि त्यांच्या हातातच तो किणकिणला. चहाची वेळ झाली होती.

“ये कौन है जी, सुरेश? क्या लिखा है?”

“लिखा है, मैं राह देख रहा हूँ,” जाईने मदत केली.

“तो जवाब दे दो अंकल जी. दोस्त है?”

“दोस्त था,” राजाभाऊ म्हणाले. “पिछले साल गुजर गया.”

सरदारजींची बोटं कॅल्क्युलेटरवर थांबली. त्यांनी जुना टॅबलेट दोन बोटांच्या चिमटीत धरून काउंटरवर, राजाभाऊंच्या बाजूला, अलगद ठेवला आणि वाहेगुरूचं नाव घेतलं.

“अंकल जी, ये एक्सचेंज नहीं हो पाएगा. नया ले जाओ, डिस्काउंट मैं वैसे ही दे देता हूँ.”

असे दोन्ही टॅबलेट घरी आले. जुना संपदाने जुन्या साडीत गुंडाळून गॅलरीतल्या कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. अनिकेतने नव्यावर खातं उघडून दिलं. छोटासा, काळाभोर, चकचकीत. राजाभाऊंच्या एका तळव्यात बसला. त्यांना आवडला, पण तसं कबूल करणं स्वभावात नव्हतं. त्यांनी उरलेली चाल केली आणि झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो छोटा टॅबलेट पहिल्यांदा बोलला. तेच, ‘सुरेश ऑनलाइन आहे.’

“अगंबाई!” संपदा ओरडली. “नवीन पत्त्यावर पण आले!”

डाव खात्यात असतो हे तिच्यासमोर परवाच सांगितलं होतं, पण भीती काय सांगितलेलं ऐकते? तिने अकोल्याला आईला फोन लावला. आईने हुकूम सोडला, दृष्ट काढ. मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन संपदाने नव्याकोऱ्या टॅबलेटवरून ओवाळल्या आणि तव्यावर टाकल्या. धुक्यामुळे खिडक्या बंद. अर्ध्या मिनिटात चौघेही खोकत, शिंकत, डोळे पुसत गॅलरीत आले.

“झालं समाधान?” अनिकेत खोकत म्हणाला.

“नाही ना!” संपदाचा चेहरा पडला होता. “दृष्ट असती तर मिरच्यांचा ठसका लागलाच नसता. ठसका लागला, म्हणजे दृष्ट नाहीये. म्हणजे...”

म्हणजे खरंच सुरेश होता. आता घरच्या शास्त्रानेही शिक्का मारला.

त्या दिवसापासून राजाभाऊ गप्प गप्प झाले. डाव हातातून चालला होता. कोपऱ्यातला राजा कधीच सुटून बाहेर आला होता आणि आता त्यांचाच राजा प्याद्यांमागे लपत होता. पण त्यांना खात होतं ते वेगळंच. ‘मी वाट पाहतोय. लवकर करा. आता सुटका नाही.’ याचा अर्थ लहान मुलालाही कळला असता. डाव संपला की सुरेश न्यायला येणार.

“अनिकेत,” एका सकाळी ते म्हणाले, “माझा हिरवा स्वेटर तू घे.”

“मला नको तो. टोचतो.”

“मी काय म्हणतोय ते कळतंय का तुला? आजची चाल केली की मात आहे माझ्यावर. दुसरी चालच उरली नाही. मात झाली की संपलं.”

“मग करूच नका ना चाल!” संपदा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. सासऱ्यांशी ती रोज भांडायची, पण जीव होता तिचा. “वेळेची मर्यादा नाही म्हणता ना? राहू दे तस्साच डाव. दहा वर्षं राहू दे.”

राजाभाऊंनी टॅबलेट हातात घेतला. “मोह होतो गं. पण तो तिकडे वाट बघत बसलाय आणि मी इथे चाल दाबून बसलोय, हे बरं नाही. शब्द दिलाय मी. अख्ख्या नोकरीत सुऱ्याने माझ्यासाठी मस्टरवर सही केली, मला एवढं जमू नये?”

त्यांनी आंघोळ केली. धुतलेला सदरा घातला. सांगलीहून आलेल्या भडंगाची पिशवी जवळ घेतली, कारण उपाशी जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. राजा एक घर मागे सरकवला आणि आरामखुर्चीत डोळे मिटून बसले. अनिकेतने मीटिंग सोडली, जाईची धुक्यामुळे शाळाच बंद होती. बाहेर पांढरं धुकं, आत पांढरे चेहरे, घड्याळाचा आवाज तेवढा. चहाची वेळ झाली. किणकिण झाली.

वजीर सरकला. ‘शह आणि मात.’

राजाभाऊ डोळे मिटून थांबले. काहीच झालं नाही. एक डोळा उघडून त्यांनी विचारलं, “गेलो का?”

“नाही बाबा,” संपदा म्हणाली.

आणि तेवढ्यात टॅबलेट वाजायला लागला. किणकिण नाही, चांगला खणखणीत, व्हिडिओ कॉलचा. पडद्यावर नाव आलं, ‘सुरेश’.

संपदाने किंचाळी मारून अनिकेतला धरलं, अनिकेतने खुर्चीला धरलं. राजाभाऊंचा हात हलेना. शेवटी जाईने बोट पुढे केलं आणि हिरवं बटण दाबलं. पडदा काळा झाला, हलला, आणि त्यात हळूहळू एक चेहरा उमटला. कपाळाला गंध, ओठांवर तेच खी खी हसू. सुरेशच होता.

“आलास?” राजाभाऊ म्हणाले. ते उठून उभे राहिले.

“भाऊजी, दिसतेय का मी?” सुरेश बाईच्या आवाजात म्हणाला.

चित्र गरकन फिरलं. सुरेशच्या चेहऱ्याभोवती चंदनाचा हार दिसला, मग फोटोची चौकट, मग भिंत, मग ट्यूबलाइट आणि शेवटी सुनंदावहिनींचं अर्धं कपाळ.

“वहिनी? तुम्ही? हे... हे सुरेशच्या नावाने?”

“नंबर यांचाच ठेवलाय ना मी. शिशिरने दिवाळीला हे लहानसं पाटीएवढं घेऊन दिलं. मोठा यांच्याबरोबरच बंद पडला होता. खेळायचं खातंही यांचंच लावून दिलं त्याने. माझं नाव कसं घालतात ते विचारायची लाज वाटली.”

“म्हणजे इतके दिवस तुम्ही खेळत होतात?”

“मग कोण खेळणार? शब्द तुम्ही दिलात, चाल आमच्याकडची होती. वर्षश्राद्ध जवळ आलं, म्हटलं त्याच्या आत यांचं एवढं पुरं करावं. तुम्हाला कळलं नाही होय?”

राजाभाऊ खुर्चीत बसले. मग त्यांचा राग एकदम वर आला. “कळणार कसं? मी वाट पाहतोय काय, सुटका नाही काय! मी स्वेटर वाटून टाकला इथे!”

“अगंबाई, ते होय? चाल केली की खाली ती वाक्यं येतात. मला वाटलं, त्यातलं एक दाबल्याशिवाय चाल तुमच्याकडे पोचत नाही. चष्मा नसला की कुठलं दाबलं तेही कळत नाही. म्हणून दाबायची आपली एकेक.”

अनिकेतने डोक्याला हात लावला. संपदा हसता हसता डोळे पुसायला लागली. राजाभाऊ मात्र हसले नाहीत. त्यांच्या डोक्यात हळूहळू काहीतरी उजाडत होतं.

“वहिनी, एक विचारू? तुम्ही खेळायला कधी शिकलात?”

“माहेरी. वडील शिकवायचे.” वहिनी जरा घुटमळल्या. “आता ते गेले, म्हणून सांगायला हरकत नाही. टॅबलेटवर तुमची चाल आली की हे झाकून ठेवायचे. दुपारी माझं काम आवरलं, चहा टाकला की पुढ्यात ठेवायचे. मी सांगेन ते हे खेळायचे. भाऊजींना सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती.”

राजाभाऊंचा जबडा खाली आला. मग चेहरा असा उजळला, की नाकाचा जांभळा डागही शोभून दिसला.

“म्हणजे सुऱ्याशी मी कधी हरलोच नाही!”

“नाही हो. माझ्याशी हरलात.”

“ते असू दे!”

“हा शेवटचा डाव तेवढा त्यांचा स्वतःचा,” वहिनी म्हणाल्या. “माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, डोळ्याला पट्टी. म्हणाले, तू पड, आता मी बघतो राजाकडे.”

“म्हणूनच हरत होता,” राजाभाऊ म्हणाले. “छान हरत होता हो. अगदी ऑफिसातल्यासारखा.”

एक कावळा कुठूनसा धुक्यातून आला आणि गॅलरीच्या कठड्यावर बसला.

“पण काही म्हणा वहिनी,” राजाभाऊ म्हणाले, “घाटावर माझ्या शब्दाने कावळा शिवला, हे तर खरं?”

“त्याचं असं आहे भाऊजी,” वहिनींचा स्वर मऊ झाला, “वारं होतं, तुमचं बोलणं माझ्याशिवाय कुणाला ऐकूही गेलं नाही. गुरुजींची नजर चुकवून मी पानावर मूठभर भडंग टाकलं. यांना चहाबरोबर लागायचं ना. तेव्हा उतरला तो.”

हे राजाभाऊंना लागलं. वर्षभर आपण शब्दाचं ओझं वाहिलं, आणि कावळा आला भडंगासाठी? ते एका हातात टॅबलेट घेऊन गॅलरीत गेले आणि दुसऱ्या हाताने पिशवीतलं मूठभर भडंग कठड्यावर ठेवलं. जुन्या दहा इंचीला हे जमलं नसतं, हे त्यांनी मनात कबूल केलं. कावळ्याने मान तिरकी करून भडंगाकडे पाहिलं, मग राजाभाऊंकडे पाहिलं. शिवला नाही.

“तिखट असेल,” संपदा दारातून कुजबुजली.

“बरं भाऊजी, ठेवते मग,” टॅबलेटमधून वहिनी म्हणत होत्या. “झालं एकदाचं त्यांच्या मनासारखं. आता हे मी शिशिरला परत देऊन टाकते. मला काय करायचंय? दुपारच्या चहाला आता खेळायचं तरी कुणाशी?”

कावळा ढिम्म. पापणीसुद्धा हलेना. राजाभाऊ त्याच्याकडे बघत राहिले. धुक्यात त्याचे डोळे तेवढे चमकत होते, आणि ती तिरकी मान त्यांना फार ओळखीची वाटली. मधल्या सुट्टीत पट गुंडाळायला घेतला की समोरून एकजण अशीच मान तिरकी करायचा.

“वहिनी, थांबा,” ते म्हणाले. “परत देऊ नका. उद्या नवा डाव लावू या. खातं मात्र तुमच्या नावाचं काढायचं.”

“माझ्या नावाचं?” वहिनी पडद्याच्या आणखी जवळ आल्या. मग म्हणाल्या, “पांढऱ्या सोंगट्या मी घेणार.”

“घ्या की! रोज चहाच्या वेळेला. शब्द देतो.”

फडफड झाली. कठड्यावरचं भडंग चोचीत भरून कावळा धुक्यात शिरला, आणि क्षणात दिसेनासा झाला.

“कसला आवाज झाला भाऊजी?” वहिनींनी विचारलं.

“काही नाही,” राजाभाऊ म्हणाले. “सुऱ्या जेवला.”